नेमबाजीला पाय लागतात

'नेमबाजी ना? बरं झालं बाई. उन्हात रापायला नको, धावाधाव नको, पडझड नको!' मुलीला रेंजवर घालणाऱ्या आयांकडून हे मी कितीदा तरी ऐकलं आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं, राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं. त्यांच्याकडे पाहून मुली या खेळाकडे वळतात, याचा आनंदच आहे. पण 'धावाधाव नको' म्हणून हा खेळ निवडणं मला मुळीच पटत नाही.

जरा हिशेब करू या. एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. आपली पाच किलोची पिठाची पिशवी, वर आणखी अर्धा किलो! ती पेलून सव्वा तासात साठ नेम. मुलींना पूर्वी चाळीसच असत, २०१८पासून मुलांइतकेच साठ झाले. अंगात जाड, ताठ जाकीट, कंबर एका बाजूला काढलेली, पाठ मागे कललेली. आणि समोर दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका केवढा, तर अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे आपल्या हृदयाचा ठोकासुद्धा नळीला जाणवतो.

म्हणूनच चालणं, पळणं, पोहणं हवं. दमसास वाढला की नाडी संथ होते, ठोक्या-ठोक्यातलं अंतर वाढतं. पोटाचे, पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू बळकट असले तर बंदुकीचा भार कंबरेच्या मणक्यांवर येत नाही. घरी एका पायावर उभं राहून बघायला सांगा, मग डोळे मिटून. पहिल्या दिवशी बहुतेक जणी डगमगतात. शरीर रोज एकाच बाजूला वाकतं, म्हणून सरावानंतर दुसऱ्या बाजूलाही ताण द्यायचा. कंबर दुखायला लागली तर 'सवय होईल' म्हणून दामटू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता आपल्या अखत्यारीतला विषय, खाणं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त धावावं लागतं, म्हणजे नेमबाजाला नको तेच. हजारो रुपयांचं जाकीट घेताना मागेपुढे न पाहणारे पालक पोरीचं हिमोग्लोबिन मात्र तपासत नाहीत, याचं मला नवल वाटतं. पालेभाजी, उसळ, नाचणी, चालत असेल तर अंडं, असा साधाच आहार पुरे. स्पर्धेच्या दिवशी मात्र उपवास नको. रिकाम्या पोटी हात थरथरतो, आणि देवाला ते कळतं.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एअर रायफलचे छर्रे सहसा शिशाचे असतात. ते हाताळून तसाच डबा उघडला तर शिसं पोटात जातं, आणि वाढत्या वयात ते फार वाईट. साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, हा नियम आईनेच घालून द्यावा. अर्धशिशी किंवा रक्तदाबासाठी दिली जाणारी 'बीटा ब्लॉकर' गटातली औषधं या खेळात निषिद्ध आहेत. तेव्हा कुठलीही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना मुलगी नेमबाज आहे, हे आवर्जून सांगावं.

आणि पाणी. तो जाड पोशाख काढायचा कंटाळा, त्यातून स्वच्छतागृहाची अवस्था बघवत नाही, म्हणून मुली दिवसभर घोटभरसुद्धा पाणी पीत नाहीत. मग डोकं दुखतं, लक्ष लागत नाही आणि खापर फुटतं 'एकाग्रते'वर. प्रवेश घ्यायला जाल तेव्हा बंदुका कुठल्या कंपनीच्या आहेत ते नंतर विचारा. आधी मुलींचं स्वच्छतागृह उघडून बघा, आणि तिथे साबण आहे का, तेही.