रात्रीचा अंधारही सर्वांच्या मालकीचा

घरासमोरच्या खांबावर नवा एलईडी दिवा बसला की रस्त्याइतकाच उजेड पहिल्या मजल्यावरच्या खोलीतही पडतो. पडदे ओढले तरी फटींतून पांढरी पट्टी भिंतीवर उमटते आणि झोपेचे खोबरे होते. आवाजाच्या त्रासासाठी निदान २००० सालचे नियम आहेत, डेसिबलच्या मर्यादा आहेत. उजेडासाठी आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून ही तक्रार अजूनही नाजूकपणात मोडते. खरे तर हवा-पाण्याप्रमाणे रात्रीचा अंधारही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तो राखणे हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे काम मानले पाहिजे.

हजारो हौशी निरीक्षकांच्या, मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या, नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०११ ते २०२२ या काळात रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेले; या वेगाने आकाशाचा उजेड आठ वर्षांत दुप्पट होतो. एलईडीने वीज वाचवली हे खरे, पण उजेड स्वस्त झाल्यावर तो नको तिथेही लागला. झाडांच्या बुंध्यांना माळा गुंडाळल्या गेल्या आणि दुकानाचे शटर खाली आल्यावरही फलक झगमगत राहिले. याची किंमत फक्त माणूसच मोजतो असे नाही. भंडारदरा, पुरुषवाडी परिसरात पावसाच्या तोंडावर झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. नर ठरावीक लयीत चमकतो, मादी उत्तरादाखल चमकते आणि त्यातून त्यांची जोडी जमते. गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च तिथे पोचले की हा संवाद तुटतो. ज्या नवलासाठी माणसे शहरातून एवढ्या लांब येतात, ते त्यांच्याच उजेडाने विरते.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा असतो, आणि तो रास्त आहे. रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईला अंधाऱ्या गल्लीतून जावे लागू नये. पण डोळ्यांवर तिरीप मारणारा दिवा तिला मदत करत नाही. त्यामुळे शेजारची सावली अधिक गडद होते आणि तिथे उभा असलेला माणूस दिसत नाही. वरून झाकलेला, खाली रोखलेला दिवा तोच रस्ता कमी विजेत नीट दाखवतो. इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांच्या २०१५ मधील अभ्यासात दिवे मंद केल्याने किंवा काही तास बंद ठेवल्याने गुन्हे वा अपघात वाढल्याचा पुरावा आढळला नाही. तिथले रस्ते आणि आपले रस्ते सारखे नाहीत, म्हणून दिवे विझवा असे इथे कुणी म्हणू नये. दिव्यांची दिशा बदलणे मात्र आपल्यालाही शक्य आहे. दुसरा आक्षेप विकासाचा. झगमगाट म्हणजे प्रगती, ही समजूत वाया जाणाऱ्या विजेचे बिल करदाता भरतो हे विसरते.

हे जमते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील गावांमध्ये शंभरहून अधिक दिवे खाली रोखलेले बसवले गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातले पहिले आंतरराष्ट्रीय मान्यतेचे ‘डार्क स्काय पार्क’ ठरले. हवेतला धूर उतरायला आणि नदी निवळायला वर्षे लागतात. उजेडाचे प्रदूषण दिवा वळवताच कमी होते. म्हणून प्रत्येक महापालिकेने पथदिव्यांच्या निविदेत झाकणाची आणि पिवळसर प्रकाशाची अट घालावी, जाहिरात फलकांना रात्रीची वेळमर्यादा ठरवावी आणि जास्त उजेडाची तक्रार नोंदवून घ्यावी. आपल्या प्रभागात ही मागणी पुढे रेटणे हे नागरिकांचे काम आहे.