उजनीकांठचीं हिवाळी पांखरें व शेतकऱ्याची नोंद

भीमा नदीवरील उजनी धरण 1980 सालीं पुरें झालें. तेव्हांपासून इंदापूर, करमाळा व दौंड तालुक्यांतील कांठच्या गांवांस खरीप व रब्बी या दोन हंगामांखेरीज पांखरांचा एक तिसरा हंगाम येऊन चिकटला आहे. दिवाळी सरली कीं भिगवण व कुंभारगांव या बाजूस शहरच्या मंडळींच्या मोटारी लागतात. पाहुणे पांखरें पाहतात, मोजतात व आपली नोंद घेऊन घरीं जातात. ज्याच्या बांधावर तीं उतरतात त्या शेतकऱ्याची नोंद मात्र कोठेंच नाहीं. ती त्यानें स्वतः ठेवावी, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

रोहित पक्षी हा धान्याचा वैरी नव्हे. वांकडी चोंच उलटी धरून तो गाळ गाळतो व त्यांतील शेवाळ आणि बारीक जीव खातो. खोल पाण्यांत त्याचें चालत नाहीं. म्हणून ज्या वर्षीं जलाशय उशिरापर्यंत तुडुंब राहतो त्या वर्षीं तो उशिरां येतो, आणि कालव्याचें आवर्तन सुटून चिखल उघडा पडला कीं हजर होतो. तोच चिखल आमच्या गाळपेराचा! ज्यांच्या वडिलार्जित जमिनी पाण्याखालीं गेल्या त्यांनीं गाळपेर करूं नये असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं. परंतु त्या जमिनीवर फवारलेलें औषध पुढल्या पावसाळ्यांत थेट जलाशयांत जातें, व तेंच पाणी माणसें व गुरें पितात. तेव्हां निदान गाळपेरावर तरी हात आंखडता घ्यावा.

पट्टकादंब हंसाची गोष्ट वेगळी. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी तिबेट व मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो, पण गवत व कोंवळें पीक चरणारा आहे. दिवसां पाण्यावर विसावावें आणि रात्रीं किंवा पहांटे कांठच्या गव्हा-हरभऱ्यांत शिरावें, हा त्याचा क्रम. पांखरें कांहींच नुकसान करीत नाहींत असें जे सांगतात त्यांनीं पौषांत एक रात्र रानांत काढावी. तथापि त्यावर जाळें अगर विषारी दाणा हा उपाय नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हा आहे, आणि विष कोणाच्या पोटीं जाईल याचा नेम नसतो.

खरा तंटा भोरडीचा. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही भोरडी पावसाळा सरतां सरतां येते व ज्वारीचा दाणा चिकांत असतां थव्यानें कणसांवर पडते. माळ्यावर उभें राहून गोफण फिरविणारा माणूस हल्लीं मिळत नाहीं, आणि मिळाला तर त्याची मजुरी ज्वारीस परवडत नाहीं. त्यांतून चोहोंकडे ऊंस व मधें एकट्याचीच ज्वारी असली, तर साऱ्या शिवारांतील भोरड्या त्याच्याच वांट्यास येतात. पूर्वीं सगळें रान ज्वारीचें असे, त्यामुळें झळ वांटली जाई. एका शिवारांतील ज्वारीवाल्यांनीं शेजारीं शेजारीं व एकाच आठवड्यांत पेरावें हें आम्हांस बुजगावण्यापेक्षां अधिक उपयोगाचें वाटतें.

पण खात्याची दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. कणीस धरण्यापूर्वीं हींच पांखरें नाकतोडे व अळ्या वेंचीत असतात. यांचा विणीचा प्रदेश मध्य आशियांत असून तेथें तीं टोळांवर पिलें पोसतात. चीनच्या शिनज्यांग प्रांतांत तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्यांच्यासाठीं दगड-विटांचीं घरटीं मुद्दाम रचितात. भोंवत्या ससाणाहि उंदीर व नाकतोडे खातो. तो रात्रीं गवताळ माळावर भुईवर बसतो. माळ नांगरला कीं तो गेलाच.

आतां जमा किती व खर्च किती, हें अंदाजानें कोण ठरविणार? पीकपाहणी चावडींत बसून लिहिली म्हणजे काय होतें तें आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिलें आहे. 2021 पासून ई-पीक पाहणींत शेतकरी आपलें पीक आपण मोबाइलवर नोंदवूं लागला. मग घरच्या वहींत चार रकाने अधिक आंखण्यास हरकत कोणती? पांखरूं पहिल्यानें कोणत्या तारखेस दिसलें. कोणत्या गटांत व कोणत्या पिकावर उतरलें. पीक तेव्हां कोणत्या अवस्थेंत होतें. किती गुंठे गेले. नांव ठाऊक नसल्यास रंग व आकार लिहावा. पाणपक्ष्यांची आशियाई गणना 1987 पासून दर जानेवारींत होत असते. त्या सुमारास मोजणारी मंडळी कांठावर आलीं म्हणजे ही वही त्यांच्यापुढें ठेवावी, आणि त्यांच्या आंकड्यांची एक नक्कल मागून घ्यावी.