घरात राहा म्हणता, घर कुठाय?

२४ मार्च २०२०, रात्रीचे आठ. टीव्हीवरून हुकूम सुटला. बारा वाजल्यापासून देश बंद, एकवीस दिवस. दारात लक्ष्मणरेषा आखली आहे, ओलांडायची नाही. त्यात आम्हाला नवं काय? आमच्याभोवतीच्या रेषा नेहमी दुसऱ्यांनीच आखल्यात.

पण दार कुठल्या घराचं, हे कुणी विचारलं?

माटुंगा लेबर कॅम्पातली आमची खोली दहा बाय दहा. माणसं सहा. त्यातच मोरी, गॅस, कपाट, पाण्याचे ड्रम आणि भिंतीवर बाबासाहेब. संडास गल्लीच्या टोकाला. सहा जण एका वेळी आडवे होऊ शकत नाहीत इथं. म्हणून बाप बाहेर हातगाडीवर झोपायचा. धाकटा विहारात अभ्यासाला बसायचा. आजी दिवसभर ओट्यावर. मी रात्री एकपर्यंत नाक्यावर. म्हणजे आमचं अर्धं घर गल्लीत होतं. बांबू आणि पत्रे ठोकून ते अर्धं घर बंद केलं, उरलेल्या अर्ध्यात आम्हाला कोंबलं आणि वर म्हणाले, घरात राहा, सुरक्षित राहा. संडासाची एकच कडी शंभर हात धरतात, तिथं सुरक्षित कोण?

तिकडे पांढरपेशांना कुटुंबासाठी वेळ मिळाला. केक भाजले, दूरदर्शनवर पुन्हा रामायण बघितलं, डायऱ्या लिहिल्या. त्यांच्या साहित्यात लॉकडाऊन म्हणजे एकांत. च्यायला, एकांत! आमच्या आईला कपडे बदलायचे तर पाच जणांनी भिंतीकडे तोंड करायचं.

हे रडगाणं नाही, दोस्तांनो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत शंभरातल्या सत्तावन्न जणांना लागण होऊन गेल्याची खूण सापडली, इमारतींत सोळा जणांना. शहर एक, रोग एक, हुकूम एक. फरक चौरस फुटांचा. आणि कुणाच्या वाट्याला किती चौरस फूट, हे या देशात रोग यायच्या आधीच ठरलेलं असतं.

मग शब्द आला, सामाजिक अंतर. रोगाला हवं होतं शारीरिक अंतर. यांच्या तोंडी मात्र बरोबर सामाजिकच आलं. इतक्या पिढ्या तेच तर पाळलं!

माझी आई कंत्राटी झाडूवाली. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता टॉवरच्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या. तिच्यासाठीही होत्या म्हणे. दुसऱ्याच दिवशी तिथल्या एका टॉवरच्या वॉचमनने तिला नळाला हात लावू दिला नाही. सोसायटीची ऑर्डर. ठेकेदाराने एक मास्क दिला, म्हणाला धुऊन वापर.

घरी आली की ती उंबऱ्याबाहेर अंगावर पाणी घ्यायची. ताट वेगळं, पेला वेगळा, चटई दाराशी. आम्हाला होऊ नये म्हणून. गावात जिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ती माझी आजी हे बघून रडली. म्हणाली, "आपल्याच घरात ह्ये व्हायचं ऱ्हायलं व्हतं."

आता कुणी शहाणा म्हणेल, बघा, अंतर तुम्हीही पाळलंत. नाही साहेब. आईने ताट वेगळं केलं ते आमच्यावर जीव लावून, साथ जाईपर्यंत. तुम्ही वेगळं केलेलं ताट अजून वेगळंच आहे. साथ गेली. तो नळ तिला अजून बंद आहे.

इथवर माना डोलावणाऱ्या कार्यकर्त्या दोस्ता, आता तुझं आणि माझं बोलू.

त्या खोलीत आम्ही तीन धडधाकट पुरुष रिकामे बसलो होतो. बापाची गाडी बंद, माझं कुरिअर बंद, धाकट्याचं कॉलेज बंद. आई पहाटे पाचला कचरा उपसायला जायची. मग भाकरी कोण थापत होतं? पाण्याच्या रांगेत कोण उभं होतं? बहीण. घरात मोबाईल एक, तो धाकट्याच्या क्लासला. तिची अकरावी तिथंच तुटली. कुणी ठराव केला नाही, कुणी ओरडलं नाही. ते आपोआप झालं. मनुस्मृतीदेखील अशीच आपोआप चालते. आणि मी काय करत होतो? उष्टं ताट मोरीत सरकवून विषमतेवर कविता लिहीत होतो.

१८९७ च्या प्लेगात इंग्रजांनी साथीचा कायदा केला. २०२० मध्ये सरकारला तो कायदा आठवला. त्याच १८९७ सालात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर उचलून दवाखान्यात आणलं आणि १० मार्चला त्याच प्लेगने त्या गेल्या. ते सरकारला आठवलं नाही, समजू शकतो. आपल्याला का आठवलं नाही? आपण फोटोला हार घालून मोकळे.

बहिणीने आता नाईट कॉलेजात पुन्हा नाव घातलंय. संध्याकाळच्या भाकरी मी थापतो. वाकड्या होतात. होऊ देत.

पुढची साथ येणारच. तोवर भांडायचं आहे. थाळ्या नकोत, आईला कायम नोकरी पाहिजे. प्रत्येक खोलीला स्वतःचा संडास, स्वतःचा नळ पाहिजे. सहा माणसांना आडवं होता येईल एवढं घर पाहिजे. मोर्चाला या. पण येण्याआधी आपापलं ताट धुऊन या.