मदत पहिल्या आठवड्यातच संपवू नका

"डॉक्टर, घरात औषधांच्या अर्ध्यामुर्ध्या स्ट्रिप्स पडल्यात. पूरग्रस्तांना पाठवू का?"

कुठेही पूर आला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याचं मन मोठं असतं, तरी माझं उत्तर "नको" असंच असतं. कापलेल्या स्ट्रिपवर नाव असलं तर मुदतीची तारीख नसते, तारीख असली तर नाव नसतं. ती निवडत बसायला तिथल्या डॉक्टरांना वेळ नसतो. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की एकदा रुग्णाला दिलेली औषधं पुन्हा दान करू नयेत.

मग द्यायचं काय? माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, द्यायचं कधी?

२२ जुलै २०२१ आठवा. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये आणि सावित्रीचं महाडमध्ये शिरलं. लालबाग-परळ-गिरगावच्या चाळींमधल्या कितीतरी घरांचं गाव कोकणात. इथून पाणी, बिस्किटं, चादरी, कपडे गेले. ते हवंच होतं. पण आजार मदतीच्या टेम्पोबरोबर येत नाहीत. ते मागाहून येतात.

चिखलातून अनवाणी चालताना पायाच्या जखमेतून लेप्टोचा जंतू शिरला, तर ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा ३ ते ६ आठवड्यांनी दिसते. साचलेल्या पाण्यात डास वाढले की डेंग्यू, मलेरिया. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि फाईल वाहून गेलेला माणूस महिनाभर औषधाविना राहतो आणि मग पॅरालिसिस होऊन दवाखान्यात येतो. घर-दुकान गमावलेल्याची झोप तर कित्येक महिने उडालेली असते.

आपण मुंबईकरांनी हे भोगलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरलं, आणि नंतरच्या आठवड्यांत लेप्टोच्या रुग्णांनी वॉर्ड भरले.

म्हणजे गरज टिकून असते आणि आपला उत्साह मात्र आठवड्यात ओसरतो.

रक्ताचंही तसंच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. जखमींना केईएममध्ये आणलं आणि रक्त द्यायला लोक धावून आले. या शहराचा मला अभिमान वाटतो तो अशाच वेळी. पण हिशेब लक्षात घ्या. लाल पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. आज रक्त दिलेल्या पुरुषाला पुढचे ३ महिने आणि स्त्रीला ४ महिने पुन्हा देता येत नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी दिलं तर पुढे देणार कोण? अपघाताच्या रात्री जखमीला वाचवतं ते आधीच तपासून पेढीत ठेवलेलं रक्त.

२०२० मध्ये लालबागचा राजा मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान शिबिरं घेतली. मला त्यातली शिस्त आवडली. मोठी आपत्ती चालू असताना मंडळाची माणसं आणि यंत्रणा रुग्णांच्या कामाला लागली.

"लोक उपाशी असताना थांबायचं का?" असं तुम्ही म्हणाल. मुळीच नाही. पहिल्या दिवसाचं अन्न-पाणी पहिल्याच दिवशी हवं. माझं म्हणणं इतकंच, सगळं त्याच दिवशी संपवू नका.

ठरवलेल्या रकमेतले निम्मे पैसे आज द्या, निम्मे महिन्याभराने. वस्तू पाठवण्याआधी गावात फोन करून "आता काय कमी आहे?" असं विचारा. औषधं द्यायची तर तिथल्या सरकारी दवाखान्याकडून यादी घ्या आणि नवीन विकत घ्या. चाळीतल्या चाळीस जणांना रक्तदान करायचं असेल तर दर महिन्याला दहा जणांनी करा. मंडळाच्या वर्गणीतून एखाद्या कुटुंबाच्या बीपी-शुगरच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवा.

अशा दानाचा फोटो निघत नाही. पण दुसऱ्या महिन्यात गोळी वेळेवर मिळालेला माणूस आपल्या पायांनी चालत दुकान उघडायला जातो. गाव सावरतं ते असंच.