फंक्शनला पोच हवी

मराठीत ‘पोच’ म्हणजे पत्र मिळाल्याची पावती, आणि ‘पोच’ म्हणजे कुठे कसं वागावं याची समजही. डेटाबेसमधल्या काहीही परत न करणाऱ्या बहुतेक फंक्शनांना दोन्ही नसतात, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्यातले बरेचजण इकडे याच व्यवसायात आहात, म्हणून हे भांडण घरातच मांडते.

पोस्टग्रेसचं उदाहरण घ्या. त्याच्या पीएल/पीजीएसक्यूएल भाषेत नुसतं सिलेक्ट लिहून फंक्शन बोलावलं आणि उत्तर कुठे ठेवायचं ते सांगितलं नाही, तर ती अडून बसते. वर सुचवते, की निकाल टाकून द्यायचा असेल तर परफॉर्म वापरा. सूचना योग्यच आहे. पण त्यातला ‘असेल तर’ आपण वाचत नाही. एरर गेली की काम झालं!

आता समजा, वैद्यकीय संशोधनात सहभागी झालेल्या एका बाईंनी संमती मागे घेतली. त्यांच्या नोंदीवर तशी खूण करणारं फंक्शन ‘व्हॉइड’ आहे. मजकूर म्हणून साठवलेल्या ओळख-क्रमांकाच्या शेवटी चुकून एक स्पेस आली. अपडेटला एकही ओळ सापडली नाही. शून्य ओळी बदलणं ही पोस्टग्रेसच्या लेखी चूक नाही. पडद्यावर सगळं आलबेल, आणि नको म्हणालेल्या बाईंची माहिती पुढच्या विश्लेषणात हजर.

‘पोचल्यावर कळव’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. फोन आला नाही, तर ‘पोचली असेल’ म्हणून घरचे झोपी जात नाहीत. प्रोग्राममध्ये मात्र आपण शांततेलाच होकार समजतो.

कुणी म्हणेल, परफॉर्मनंतर ‘फाउंड’ तपासा की! तपासा, ते खरंच येईल. व्हॉइड फंक्शनसुद्धा सिलेक्टला एक ओळ देतं, आणि आतल्या अपडेटचं ‘फाउंड’ आतच राहतं.

दुसरा आक्षेप असा, की काम करणाऱ्याने काम करावं, उत्तराचं काम दुसऱ्याचं. २०१८ मध्ये आलेल्या ११व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये वेगळी प्रोसीजरही आहे. जरूर वापरा. पण नाव बदलल्याने शून्य ओळींची एक ओळ होत नाही. नुसतं थांबायला सांगणाऱ्या पीजी_स्लीपने काही परत केलं नाही तर चालेल. नोंद बदलणाऱ्याने गप्प राहून चालणार नाही.

उपाय दोन-तीन ओळींचा आहे. किती ओळी बदलल्या हे गेट डायग्नॉस्टिक्सने घ्या आणि परत करा. नेमकी एकच ओळ बदलायला हवी असेल, तर रिटर्निंगसोबत इन्टू स्ट्रिक्ट लिहा. ओळ सापडली नाही की फंक्शन एरर देऊन थांबेल. मला हा दुसरा मार्ग अधिक पटतो. परत आलेला आकडा बोलावणारा परफॉर्म लिहून टाकून देऊ शकतो. एरर गिळायची तर ती मुद्दाम पकडावी लागते.

तुमच्या कोडमध्ये ‘परफॉर्म’ शोधा, आणि प्रत्येक ठिकाणी नेमकं काय टाकून दिलं जातंय ते पाहा.