यंत्राला आरोपी करून कोण सुटणार?

स्वयंचलित यंत्राच्या हातून गुन्हा घडला तर यंत्रालाच आरोपी करा, अशी सूचना हल्ली कायद्याच्या चर्चासत्रांतून ऐकू येते. कंपनी कायद्याने 'व्यक्ती' आहे, देवळातली मूर्तीही आहे, मग कृत्रिम बुद्धिमत्ता का नको? ऐकायला हे पुरोगामी वाटते. माझा त्याला ठाम विरोध आहे.

कंपनीला निदान दंड होतो, तिच्या संचालकांना कोर्टात उभे करता येते. यंत्राला ना पैसा, ना अब्रू, ना तुरुंगाची भीती. ते पिंजऱ्यात उभे राहिले की त्याचा मालक घरी जातो. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनात उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईचा जीव घेतला. माणसे कुठूनही रस्ता ओलांडतात, हे त्या प्रणालीला शिकवलेलेच नव्हते! तरी कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. आरोपी झाली ती गाडीत देखरेखीला बसवलेली पगारी बाई. तिचे लक्ष रस्त्यावर नव्हते, हे खरे. पण शिकवणाऱ्यांचे काय?

मैत्रिणींनो, हा प्रश्न अमेरिकेत राहिलेला नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने पोलिसांसाठी 'मार्व्हल' ही कंपनी नागपुरातच काढली. 'महाक्राइमओएस' ही प्रणाली आधी नागपूरच्या २३ ठाण्यांत आली. डिसेंबर २०२५ मध्ये ती राज्यातल्या १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. ती कागद वाचते, माहिती जुळवते, तपासाची दिशा सुचवते. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर-जबलपूर मार्गावर एका बाईला उडवून पळालेला ट्रक अशाच तंत्राने सापडला. चांगलेच झाले.

पण ठाण्याची पायरी म्हणजे काय, हे नागपूरच्या बायांना सांगायला नको. कस्तुरबानगरच्या बायांना पोलिसांनी दाद दिली नाही, त्याचा शेवट १३ ऑगस्ट २००४ ला भर कोर्टात झाला. पुढे २०१३ मध्ये, देशभरच्या आंदोलनानंतर, बलात्कारासारख्या गुन्ह्याची खबर न नोंदवणारा पोलीसच गुन्हेगार ठरू लागला. आज ते भारतीय न्याय संहितेचे कलम १९९ आहे: किमान सहा महिने सक्तमजुरी. हे कलम लोकसेवकाला लागते, म्हणजे माणसाला. "साहेब राउंडवर आहेत" हे उत्तर आपल्याला पाठ आहे. उद्या "बाई, सिस्टीमने हे कलम दाखवलंच नाही" असे ऐकावे लागले, तर शिक्षा कोणाला? यंत्राला आरोपी करणारा कायदा या सबबीवर सरकारी शिक्का मारील.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. प्रणालीने काय सुचवले आणि कोणत्या अधिकाऱ्याने ते मान्य केले, याची नाव-हुद्द्यासह सहीची नोंद प्रत्येक गुन्ह्याच्या कागदांत राहिली पाहिजे. ती तक्रारदार बाईला मिळाली पाहिजे. प्रणाली पुरवणाऱ्या कंपन्यांशी झालेल्या करारांत चुकीची जबाबदारी कोणावर टाकली आहे, हे शासनाने जाहीर करावे. माहिती अधिकाराचे अर्ज आपल्या गटांनी याच महिन्यात टाकावेत, आणि आलेली उत्तरे पुढच्या अंकासाठी पाठवावीत.