शेवटची पाच मिनिटं पुकारली की डोकं का थांबतं?

मंडळी, लालबाग, परळ, प्रभादेवी, दादर, कुठल्याही मंडळाची कबड्डी स्पर्धा बघा. पंचांनी शेवटची पाच मिनिटं पुकारली, आपला संघ पाच गुणांनी मागे. पुढे काय होतं? बाहेरून एकच आरडाओरडा, ‘पॉइंट आण रे!’ हुकमी चढाईपटू एकटाच आत घुसतो, तिघांच्या अंगावर जातो, पकडला जातो. सामना तिथेच संपला. मग आपण म्हणतो, पोरगा दबावात आला. अरे, त्याला दबावात कोणी ढकललं?

साधा हिशोब करू. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. एक चढाई ३० सेकंदांची. दोघांनीही पूर्ण वेळ घेतला तर आपल्या वाट्याला जेमतेम पाच चढाया. पण आपला खेळाडू १० सेकंदांत परतला, तर समोरच्याने कितीही वेळ काढला तरी सात चढाया मिळतात. समोर सहा-सात जण उभे असतील तर बोनस घ्या आणि घरी या. नायक होऊ नका.

बास्केटबॉलमध्ये मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करून घड्याळ थांबवतो. नागपाड्याच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. कबड्डीत ती सोय नाही. पण आपल्याकडे तिसरी चढाई आहे. आघाडीवरचा संघ वेळ काढायला दोन चढाया रिकाम्या नेतो, तिसरीत त्याला गुण आणावाच लागतो, नाहीतर तो बाद. म्हणून पहिल्या दोन चढायांत उतावीळपणे उडी मारू नका, सापळा तिसरीला लावा. आपले तिघे किंवा त्याहून कमी उरले असतील तर अव्वल पकडीचे दोन गुण आहेत. समोरचा एकच उरला असेल तर लोणाचे दोन वेगळे. पाचाची पिछाडी अशी फिटते, एका उडीत नाही.

२०१६ च्या विश्वचषकाची अंतिम लढत आठवा. अहमदाबादला मध्यंतराला इराण १८-१३ पुढे. भारत जिंकला ३८-२९. अजय ठाकूरच्या १२ गुणांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण उत्तरार्धात इराणला फक्त ११ गुण मिळाले, हे किती जणांना आठवतं? पिछाडी बचावानेही भरून निघते.

कोणी म्हणेल, गल्लीतल्या सामन्याला एवढं गणित कशाला? कारण याच मैदानांवरून पोरं रेल्वे, बँका, पोलिसांच्या संघात जातात. गिरणगावातल्या कितीतरी घरांत खेळाच्या कोट्यातली नोकरी हाच पहिला कायमचा पगार होता. निवड करणाऱ्याच्या लक्षात राहतात ती शेवटची पाच मिनिटंच.

म्हणून मंडळांना एकच सांगणं. पुढच्या वर्षी चषक वीतभर लहान आणा, बॅनर दोन कमी लावा, आणि त्या पैशात प्रशिक्षक ठेवा. आठवड्यातून एकदा गुणफलकावर पाचची पिछाडी लावून, घड्याळ सुरू करून सराव घ्या. टाइमआउट खिशात ठेवून घरी नेऊ नका. आणि आपण प्रेक्षकांनीही तेवढी पाच मिनिटं प्रशिक्षकाचा आवाज पोरांपर्यंत पोचू द्यावा.